उजव्या हाताचं मागणं

आमच्या घरात देवाजवळ स्वतःसाठी काही मागायची सोय नव्हती. मागणं रोज व्हायचं, पण आपलं मागणं आपल्या तोंडाने मागायचं नाही, असा नियम होता. संध्याकाळी दिवे लागले की आम्ही चौघं चटईवर गोल बसायचो. मध्ये भाकरीची टोपली, तिच्यावर फडकं. ज्याने त्याने आपल्या अंगाची एक गरज उजव्या हाताला बसलेल्याच्या कानात सांगायची, आणि त्याने ती देवाकडे मोठ्याने मागायची. अंगाचीच गरज हवी. भूक, झोप, खाज, दुखरी दाढ, टाचेतला काटा. आत्म्याची प्रार्थना सकाळी व्हायची. तिच्यात पापक्षमा वगैरे सगळं असायचं, पण मी तेव्हा अर्धवट झोपेत असल्यामुळे त्यातलं फारसं माझ्या वाट्याला आलं नाही.

नियम वडिलांचा. ते यावलच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. स्वतःसाठी मागताना माणूस लबाडी करतो, असं त्यांचं म्हणणं. दुखत असतो गुडघा आणि मागतो सद्बुद्धी. शिवाय देवाला न सांगता कळतं, शेजारच्याला सांगावंच लागतं, हेही ते म्हणायचे. 'मला काही नको' हे उत्तर आमच्याकडे चालत नसे. भावाने एकदा फुगून तसं म्हटलं, तर वडिलांनी भाकरीवरचं फडकं उचललंच नाही. अंग आहे ना, मग मागणं आहे, एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. शेवटी भावाने कोपराच्या खरजेचं मागणं सांगितलं, तेव्हा आम्हाला जेवायला मिळालं.

वडिलांच्या उजव्या हाताला मी बसायचे, माझ्या उजवीकडे आई, तिच्या उजवीकडे भाऊ, आणि भावाच्या उजवीकडे पुन्हा वडील. त्यामुळे वडिलांचं मागणं माझ्या गळ्यात. दिवसभर तापलेल्या इंजिनाशेजारी बसून त्यांचं पोट कायम रुसलेलं, आणि मागणं वर्षानुवर्षं तेच. मी एवढीशी पोर, डोळे घट्ट मिटून खणखणीत आवाजात म्हणायचे की हे प्रभू, उद्या सकाळी बाबांचं पोट साफ होऊ दे, येशूच्या नावाने मागते, आमेन. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात बायका तोंडाला पदर लावायच्या. मला लाज वाटायची, पण सकाळी वडील परसाकडून परत आले की लांबूनच माझ्याकडे बघून गंभीरपणे मान हलवायचे, आणि मग दिवसभर मला वाटायचं की यावल डेपोच्या गाड्या माझ्यामुळेच सुटतात.

माझं मागणं आई मागायची. ती शिंदखेड्याकडची. चारचौघांत शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायची, पण प्रार्थना आणि आजारपण ही दोन कामं तिची अहिराणीतच चालायची. माझ्या तोंडाशी कान आणून ती विचारायची, तुले काय जोयजे? तिच्या कानाजवळ धुराचा आणि खोबरेल तेलाचा वास असायचा. आजही मला काही हवंसं वाटलं की आधी तो वास येतो, आणि काय हवंय ते मागाहून आठवतं.

त्या संध्याकाळी आता वेगवेगळ्या आठवत नाहीत. सगळ्यांची मिळून एकच लांबलचक संध्याकाळ झाली आहे. मागच्या केळीच्या बागेत वारा शिरला की पानांचा असा आवाज यायचा की पाऊस आला म्हणून आई दोरीवरचे कपडे काढायला उठायची आणि दारातूनच परत फिरायची. दिव्याभोवती पाखरं. कोणीतरी माझ्या कानाशी काहीतरी सांगतंय, मी कोणासाठी तरी काहीतरी मागतेय. त्या संध्याकाळीत एकदा पाळकसाहेबही बसलेले दिसतात. त्यांच्या उजव्या हाताला आई आली होती. ते बराच वेळ आढेवेढे घेत राहिले, मग तिच्या कानात काहीतरी पुटपुटले, आणि आईने डोळे मिटून देवाला स्वच्छ सांगितलं की साहेबांना आज वांगं नको, दूधभात हवाय. मंडळीतल्या घराघरांत आठवडाभर भरीत खाऊन त्यांचं पोट बिघडलं होतं. आमच्या चुलीवरही तेव्हा वांगीच भाजत होती.

पुढे वडील गेले. भाऊ सुरतेला नोकरीला लागला, मी जळगावच्या शाळेत शिकवायला लागले आणि आईला माझ्याकडे घेऊन आले. मी शहाणी झाले होते. इथल्या मोठ्या चर्चमध्ये जगाच्या शांतीसाठी, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना व्हायच्या, त्या मला बऱ्या वाटायच्या. पोटाचं आणि गुडघ्याचं घेऊन देवाकडे जाणं म्हणजे गळक्या नळाची तक्रार घेऊन कलेक्टरकडे जाणं, असं मी आईला एकदा ऐकवलं. नळ गळतोय ना, मग जायचं कोणाकडे, असं तिने विचारलं. मी विषय बदलला. ती मात्र संध्याकाळी ताटावर बसताना विचारायचीच, तुले काय जोयजे? मी म्हणायचे, काही नाही. दोघींचा कुठे गोल होतो का, असंही म्हणायचे. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि आपली मुकाट्याने जेवायला लागायची.

आणि मग यंदाच्या मे महिन्यात तिच्या आतड्याला पीळ पडला.

ऑपरेशन झालं, पीळ निघाला. पण पोट काही चालू होईना. ज्याच्या घरात असं ऑपरेशन झालंय त्याला ठाऊक आहे, की त्यानंतर सगळं जग एका प्रश्नावर येऊन थांबतं. गॅस पास झाला का? डॉक्टर तेच विचारतात, सिस्टर तेच विचारते, सुरतेहून भाऊ फोनवर तेच विचारतो, शाळेचे मुख्याध्यापकसुद्धा घसा खाकरून तेच विचारतात. तोवर पाण्याचा थेंब नाही. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि ओठांवर फिरवायला ओला कापूस. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही कलायला लागला. दुपारच्या फेरीला डॉक्टरांनी तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, आतडं अजून झोपलंय. उद्या सकाळपर्यंत वाट पाहू. नाही जागं झालं तर पुन्हा उघडावं लागेल, आणि या वयात...  

जळगावचा मे महिना. वॉर्डातला कूलर गरम वारा फेकत होता. आई मधूनच कुठे कुठे जाऊन यायची. छताच्या पंख्याला केळीचं पान म्हणाली. मग तिला वाटलं, ती माहेरी नदीच्या कोरड्या पात्रात आहे, वाळू उकरून झिरा पाडतेय, आणि खाली पाणी लागतच नाहीये. बोटांनी चादर उकरायची. थोडी शुद्ध आली की माझ्या ओठांकडे बघायची. मी पहिल्या दिवशी व्हरांड्यातल्या नळावर पाणी पिऊन यायचे. परत आले की तिची नजर माझ्या हनुवटीवर राहिलेल्या थेंबावर जाऊन बसायची. म्हणून मी तेही सोडलं. चहाचे दोन घोट तेवढे घ्यायचे, तेही ती झोपली की. माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि बसल्या बसल्या डुलकी लागली की मलाही तीच वाळू दिसायची. कोणाचं स्वप्न कोणतं, हे त्या दुपारी मला सांगता आलं नसतं.

आईच्या डाव्या हाताला माझं स्टूल होतं. उजव्या हाताच्या कॉटवर पहूरच्या एक खाला होत्या. गाद्या-रजया भरणाऱ्या घरातल्या, आईपेक्षा थोड्या लहान, पित्ताशयाचे खडे काढलेल्या. त्यांच्या पलीकडे खिडकी. त्यांचा मुलगा रोज पहूरहून एसटीने डबा घेऊन यायचा. तो गेला की खाला डबा समोरच्या बायकांना वाटून टाकायच्या आणि घासून पालथा ठेवायच्या. मी ते पाहिलं होतं, आणि त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं होतं.

संध्याकाळी वॉर्डातल्या ट्यूब लागल्या. आईने डोळे उघडले. मला वाटलं माझ्याकडे वळेल, पण तिने मान उजवीकडे वळवली आणि खालांना हाताने जवळ बोलावलं. खाला पोटाचे टाके धरून हळूहळू उठल्या, आपल्या कॉटच्या कडेला आल्या आणि तिच्या तोंडाशी कान नेला. आई काहीतरी बोलली. खालांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. अक्का म्हणतायत माझं माग, काय मागू, असं त्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी लाज वाटायला काही शिल्लक राहिलं नव्हतं, पण चटईवरची ती घरची गोष्ट भर वॉर्डात उघडी पडणार, म्हणून मी चिडलेसुद्धा. आईला भ्रम झालाय, लक्ष देऊ नका, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी दिसलं की आई अगदी शुद्धीवर आहे. वाट बघतेय. मग मी सगळं सांगितलं. गोल, उजवा हात, अंगाची गरज, वडिलांचा नियम. खाला ऐकत होत्या. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, दोन्ही तळवे पसरले आणि आपल्या भाषेत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मागितलं, "या अल्लाह, अक्का का पेट चालू कर दे. उस को पानी नसीब कर."

समोरच्या कॉटवरची बाई, शेतात पडून हात मोडून घेतलेली, तिने आपला चांगला हात कपाळाला लावला. कोणीही हसलं नाही. मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होते ते हसू कुठे गेलं, मला कळलं नाही.

मग आईने बोटाने खालांकडे खूण केली. आता ह्यांचं. खालांच्या उजव्या हाताला खिडकी. तिथे कोणी नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी लहानपणीसारखी निमूट उठून कॉटला वळसा घालून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खालांनी माझ्या कानाला तोंड लावलं. त्यांना भूक लागत नव्हती. ऑपरेशनच्याही आधीपासून. घास तोंडात फिरायचा. मुलाला कळलं तर तो डबा आणणं सोडणार नाही, स्वतःच जेवणं सोडेल, म्हणून त्या वाटून टाकत होत्या.

मी कितीतरी वर्षांत देवाशी बोलले नव्हते. राज्यकर्त्यांसाठी मान खाली घातली होती, तेवढंच. डोळे मिटले तर समोर भाकरीची टोपली, आणि आवाज निघाला तो त्या एवढ्याशा पोरीचा. हे प्रभू, खालांना भूक लागू दे, त्यांच्या तोंडाला चव येऊ दे, येशूच्या नावाने मागते, आमेन. एवढं बोलताना मला रडू फुटलं. कशासाठी, ते अजूनही नेमकं सांगता येत नाही. बरं वाटलं, हे मात्र खरं.

गोल पुरा व्हायचा होता. खिडकीपाशी उभं राहिलं तर माझ्यापुढे फिरून आईच. मी तिच्या कॉटजवळ आले. नळीमुळे तिचा आवाज वाळक्या पानासारखा झाला होता.

"तुले काय जोयजे?"

काही नाही, मी म्हटलं. तिने मान हलवली. मग मी म्हटलं की तू बरी हो, मला तेच हवंय. तिने पुन्हा मान हलवली.

"ते मन्हं झायं. तुन्हं सांग. तुन्हा अंगनं."

मी खाली वाकले. तिच्या कानाशी आता धूर नव्हता, खोबरेल नव्हतं, औषधाचा वास होता. तरी कुठूनतरी तो जुना वास आलाच, आणि त्याच्यामागून काय हवंय ते आलं. तिला सांगू नये अशी ती एकच गोष्ट होती. मी सांगितली. मला तहान लागली आहे.

तिने डोळे मिटले. तिचे ओठ फुटलेले, त्यांवर कापसाचा एक तंतू चिकटलेला. तीन दिवस पाण्याचा थेंब न मिळालेल्या बाईने माझ्यासाठी पाणी मागितलं. "देवबाप, मन्ही पोरले तीस लागेल शे. तिले पानी दे. येशूना नावे, आमेन." मग डोळे उघडून मला म्हणाली, "आते मन्हा समोर पी."

मी नको नको म्हणत होते, पण खालांनी आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून माझ्या हातात दिलंही. मी प्याले. आई माझ्या गळ्याकडे बघत होती. घोट खाली उतरला की तिचाही गळा हलायचा. मी पेला संपवला, खालांनी पुन्हा भरला, मी तोही संपवला. मग आई शांतपणे झोपली. चादर उकरणं थांबलं.

सकाळी, सिस्टर चादरी बदलत असताना, गॅस पास झाला. लपून छपून नाही, वाजतगाजत. खाला कॉटवर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मुबारक, अक्का." समोरची बाई आपल्या चांगल्या हाताने मांडीवर टाळी वाजवत होती. सिस्टर हसत डॉक्टरांना सांगायला गेली. यावल डेपोची पहिली गाडी सुटली, असं माझ्या मनात आलं, आणि वडिलांनी लांबून मान हलवली. त्यामागे औषध किती, वेळ किती आणि दोन देव मिळून किती, याचा निकाल मी लावत बसले नाही. खालांनीही त्या दिवशी डब्यातली अर्धी पोळी चहात बुडवून खाल्ली. उरलेली वाटली.

डॉक्टरांनी नळी काढली आणि चमच्याने पाणी द्यायला सांगितलं. मी पहिला चमचा तिच्या ओठांना लावला. तिने पाणी जिभेवर धरून ठेवलं, डोळे मिटले, गिळलं. मला वाटलं आता स्तुती करेल, निदान आमेन तरी म्हणेल.

"कोमट शे," ती म्हणाली. "माठनं जोयजे."

मी कपाळाला हात लावला. पण खालांना नियम आता पाठ झाला होता. मागणं निघालं आणि त्या उजव्या हाताला होत्या. त्यांनी तिथल्या तिथे तळवे पसरले आणि अक्कासाठी माठाचं पाणी मागून टाकलं. मग पदराआडून मोबाईल काढून त्या बराच वेळ कोणाशी तरी हळू आवाजात बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा आला तो एका हातात डबा आणि कडेवर माठ घेऊन. पहूरहून एसटीत मांडीवर धरून आणलेला. माठ जुना होता, पोटावर पांढरे क्षार फुटलेले, खांद्याला एक छोटा कपचा उडालेला. बाजारातून नवा नाही का घेतला, असं सिस्टरने विचारलं. नवा माठ पाझरायला लागायला दिवस लागतात, तोवर मातीचा वास येतो, म्हणून घरचा उचलून आणला, असं तो म्हणाला. मग घरी काय पिता, हे मी विचारलं. त्याने माठ खिडकीखाली ठेवला, खाली विटेचे दोन तुकडे सरकवले, आणि खिडकीच्या गजाला वाळत घातलेलं आईचं एक जुनं फडकं ओलं करून त्याच्याभोवती गुंडाळलं.

संध्याकाळपर्यंत तो पाझरायला लागला. फरशीवर ओलं वर्तुळ झालं. ट्यूब लागल्या. मी पेला बुडवून आणला आणि आईने थोडं थोडं करत अर्धा पेला पाणी प्यायलं. तिच्या कपाळावर घाम आला. तिने पेला मला परत दिला. खाला कॉटच्या कडेला सरकल्या, त्यांनी आईच्या तोंडाशी कान नेला आणि आमच्याकडून शिकलेल्या अहिराणीत विचारलं, "अक्का, तुले काय जोयजे?"

आई त्या माठाकडे बघत होती. आमच्या घरात जे उत्तर कधी कोणाला द्यायला मिळालं नाही, ते तिने दिलं.

"आज माले काही नही जोयजे."